दोनशे चौसष्ट खारींचा झगा

एप्रिलात पनवेलला कुणी सहलीला जात नाही. मीही सहलीला गेले नव्हते. मी भांडायला गेले होते.

इचलकरंजीत आमच्या गल्लीतल्या मागांवर विणलेला मांजरपाट पनवेलला जातो. तो पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या काकांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, की विचुंब्यात काही बायका घामाच्या धारांत बसून परदेशातल्या बायकांचे जुन्या काळचे झगे शिवतात. जमिनीपर्यंत लोळणारे, आतून फर लावलेले. मला तेवढं पुरे होतं. माझे बाबा माग-कामगारांची पत्रकं छापतात. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली आणि शाळेचा डबाही त्यातच गुंडाळून नेला. एक पान, एक अन्याय, एक मागणी. जगाकडे बघायची दुसरी कुठली रीत मला कुणी शिकवलीच नव्हती.

कारखाना चालवणाऱ्या पुष्पाताईंना मी फोन केला. चार दिवस येऊन बघते आणि लिहिते म्हटलं. त्या म्हणाल्या, "या. फक्त आमचं काम थांबता कामा नये. शनिवारी बाराला गाडी येते."

एसटीने साताऱ्याच्या पुढचा घाट चढेपर्यंत माझा मथळा तयार होता : 'उकाडा आमचा, ऊब त्यांची!' त्याखाली तीन दणदणीत वाक्यंही लिहून झाली होती. निघताना बाबा म्हणाले होते, "पनवेलला जातेसच तर शिरढोणला जाऊन ये. क्रांतिकारकाचं गाव आहे." मी हो म्हटलं होतं.

बुधवार

पनवेल स्टँडवर उतरल्या क्षणी हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटली. आमच्याकडचं ऊन कोरडं, कडक असतं. सावलीत गेलं की सुटका होते. इथे सावलीही घामेजलेली. रिक्षा नव्या पनवेलमधून विचुंब्याला आली. पूर्वेला प्रबळगड धुरकट दिसत होता आणि त्याच्या अलीकडे भाताच्या खाचरांत इमारती उगवल्या होत्या, काही राहत्या, काही अजून बांबूंच्या पिंजऱ्यात. पुष्पाताईंचं एकमजली घर अशा दोन उंच इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभं होतं. मागे एक आंब्याचं झाड. घराच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, चार शिलाई मशिनी, कापायचं मोठं टेबल. छताला तीन पंखे, तिन्ही बंद.

"पंखा लावला की फरचे केस उडतात, नाकातोंडात जातात," पुष्पाताई म्हणाल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, गळ्यात मोजपट्टी. "तुम्ही बसा. तासाभराने सवय होते."

सवय झाली नाही. पण मी मनातल्या मनात टिपून घेतलं : पंखे बंद. पत्रकासाठी उत्तम तपशील.

खोलीत आणखी दोघी होत्या. कॉलरचं नाजूक काम करणारी रेहाना, माझ्याच वयाची, सतत बोलणारी. आणि खिडकीशी चटईवर बसलेल्या पुष्पाताईंच्या सासूबाई, हिराबाय. सत्तरीच्या घरातल्या, काटक, काठापदराचं लुगडं, नाकात मोठी नथणी. त्यांचं माहेर उरणच्या खाडीकाठचं. बापाची जाळी विणत आणि सांधत त्या वाढल्या.

"कुठून आलीस गो?"

"इचलकरंजी."

"तिथं समिंदर हाय का?"

"नाही. नदी आहे."

"समिंदर नाय?" त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मंग खाता काय तुमी? पानी पी आदी."

पाणी पिऊन झाल्यावर पुष्पाताईंनी सुती हातमोजे घातले, मलाही दिले, आणि कपाटातून पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं ओझं दोन्ही हातांवर घेऊन आल्या. तान्ह्या बाळाला आणावं तसं. टेबलावर ठेवून एकेक पदर उलगडला.

हा नमुना होता. उत्तरेकडच्या एका थंड देशात कुणा कुटुंबाने आपल्या जुन्या घराचंच लहानसं संग्रहालय केलं आहे. त्यांच्याकडे असे दोन झगे होते. त्यातला जास्त विरलेला त्यांनी नमुना म्हणून पाठवला होता, हुबेहूब तसाच नवा शिवण्यासाठी. नवा कृत्रिम फरचा. येणाऱ्या माणसांनी तो अंगावर घालून बघावा, म्हणून. शनिवारी दोन्ही परत जायचे होते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो झगा बघून माझी निराशाच झाली. काळपट हिरवं जाड लोकरी कापड, गळ्याशी बोटभर फरची पट्टी, बाह्या नाहीत, फक्त हात बाहेर काढायला दोन उभ्या फटी. आमच्याकडच्या धनगराची घोंगडीही याहून देखणी असते.

"हाच?" मी विचारलं.

पुष्पाताई हसल्या. त्यांनी समोरची कड धरली आणि झगा हळूच उलटा केला.

आत दुसरंच जग होतं. पांढऱ्या शुभ्र, तळहातापेक्षा लहान ढाली, प्रत्येकीला राखाडी कडा, एकीच्या खांद्याला दुसरीचा खांदा लागलेला, ओळीखाली ओळ, गळ्यापासून थेट घोट्यापर्यंत. खिडकीतून आलेली झुळूक त्यावरून गेली तर सगळी फर एकदम श्वास घेतल्यासारखी हलली. मी मोज्यातला हात ठेवला. तो कुठे टेकला तेच कळलं नाही, इतकी ती मऊ होती. आणि हाताखाली लगेच ऊब जमली. एप्रिलात, विचुंब्यात, पंखा बंद असताना ती ऊब मला नकोशी वाटायला हवी होती. वाटली नाही.

"त्या काळी फर आत असायची," पुष्पाताई सांगू लागल्या. त्यांनी महिनाभर फोनवर जुनी चित्रं आणि व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं होतं. "अंगाला लागून असली तरच ऊब धरते. घोडागाडीत कसली शेगडी, कसलं काय! तासन्‌तास बसायचं. आणि बाह्या का नाहीत, तर आतल्या पोलक्याच्या दंडांवर हे एवढे फुगे असायचे. ते कोटाच्या बाहीत मावणार कसे? म्हणून वरून नुसतं पांघरायचं."

मागांच्या गावात वाढलेल्या मुलीला हे पचवणं सोपं नव्हतं. आमच्याकडे जे चांगलं ते बाहेर. काठ बाहेर, बुट्टे बाहेर, गाठी आणि सुटे धागे आत. इथे सगळं वैभव आत वळवून ठेवलेलं, आणि रस्त्यावरच्या माणसाला दिसणार काय, तर हिरवं जाडंभरडं कापड.

मी ओळी मोजल्या. सवय आहे, पत्रकात आकडा लागतो. बारा ओळी, एकेका ओळीत बावीस ढाली. दोनशे चौसष्ट.

गुरुवार

रात्री मी खाली पुष्पाताईंकडेच राहिले. सकाळी वर आले तर हिराबाय कामाला लागलेल्या होत्या. नव्या झग्यासाठी पांढऱ्या आणि राखाडी कृत्रिम फरच्या ढाली कापून ठेवल्या होत्या. कापतानाही फक्त मागचं कापड ब्लेडने चिरायचं, केसाला धक्का लावायचा नाही. मग या ढाली कडेला कड लावून हाताने जोडायच्या. खरं कसब तिथे होतं. टाक्यात केस अडकला की पुढून भेग दिसते. पुष्पाताईंनी आणि रेहानाने दोन दिवस प्रयत्न करून हात टेकले होते. हिराबायांना जमलं, कारण जाळ्याचा फाटका डोळा सांधताना त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं : दोन कडा ओढायच्या नाहीत, एकमेकींना भेटू द्यायच्या. प्रत्येक टाक्यानंतर त्या सुईच्या टोकाने अडकलेले केस अलगद उपसून काढत. टाका, उपसणी, टाका, उपसणी. चष्मा नाही. मी अर्धा तास बघत राहिले आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

"बघतेस काय? आमचं इरलंच हाय ह्ये," हिराबाय म्हणाल्या. इरलं म्हणजे भात लावताना बायका डोक्यावरून पाठीवर घेत ते पानांचं आणि बांबूच्या कामट्यांचं पांघरूण. आता सगळीकडे प्लास्टिक आलं. "आमचं पावसाचं, तिचं थंडीचं. इरल्याला तरी कुठं बाह्या? हात मोकले पायजेत बाईचे."

"तिचे हात कशाला मोकळे पाहिजेत, आजी?" मी म्हटलं. "तिच्याकडे नोकर असणार. ती नुसती गाडीत बसून मिरवणार."

हिराबायांनी मोजे चढवले, जुना झगा आपल्याकडे ओढला आणि डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, बोट ठेवलं. तिथे फर झिजून गेली होती. तळहाताएवढ्या जागेत नुसतं पिवळसर कातडं उरलं होतं, मध्ये एक भोक.

"ह्ये काय झालं, सांग."

"कसर लागली असेल."

"कसर अशी गोल खाते काय? उजवीकडं बघ. काय नाय. मागं बघ. काय नाय. फकस्त हितं." त्यांनी डावा हात वळवून कमरेशी घेतला. "हितं पोर बसायचं. झग्याच्या आत, तिच्या अंगाला. टाचा घासून घासून केस गेलं."

रेहानाच्या हातातली कात्री थांबली. "अल्ला," ती हळूच म्हणाली.

मी त्या टकलाकडे बघत राहिले. सव्वाशे वर्षं, सात समुद्र, आणि विचुंब्यातल्या एका निरक्षर म्हातारीने एका मिनिटात सांगितलं, की ही बाई लेकरू कडेवर घेऊन बर्फातून चालत होती. कदाचित मालकीण असेल, कदाचित मालकिणीने उतरवून दिलेला झगा घालणारी दाई असेल. माझ्या मथळ्यातल्या 'त्यांची' या शब्दाला पहिल्यांदाच पाय फुटले, आणि ते पाय लहान मुलाचे होते.

इथेच मी शहाणी झाले असते तर हे प्रवासवर्णन इथेच संपलं असतं.

दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आल्या, सुक्या जवळ्याची चटणी आली, कैरीचं आंबट वरण आलं. आम्ही ज्वारीची भाकरी खाणारी माणसं. पांढरीशुभ्र, मऊ भाकरी मला आधी खोटी वाटली, नंतर मी चार खाल्ल्या. रेहानाने चिडवलं, "क्रांतीबाई, क्रांतीला थोडी भूक ठेवा." हात धुऊन आले तर टेबलावर नमुन्यासोबत आलेला इंग्रजी कागद पडला होता. मी तो उचलला. कापडाचं नाव, मापं, आणि आतल्या अस्तराच्या रकान्यात जनावराचं नाव.

मी थबकले. मग माझ्यातलं पत्रक जागं झालं.

"हे कशाचं कातडं आहे माहीत आहे तुम्हाला? तुम्हाला कुणी सांगितलंय?"

पुष्पाताईंनी झटकन वर पाहिलं. डोळ्यांनी नको म्हणत होत्या. मला ते दिसलं. दिसूनही मी थांबले नाही. कामगाराला सत्य कळलंच पाहिजे, हे मी दुधाबरोबर प्यायले आहे.

"खार," मी म्हटलं. "ह्या खारी आहेत. दोनशे चौसष्ट. मी मोजल्यात."

"खारीचं?" हिराबायांचा आवाज अगदी बारीक झाला. "रामाच्या खारीचं?"

"तिकडची खार वेगळी असते, आई," पुष्पाताई घाईने म्हणाल्या. "मोठी असते. पट्टे नसतात तिला."

"तुना म्हाईत व्हतं?"

पुष्पाताईंनी मान खाली घातली.

हिराबायांनी सुई पिनकुशनमध्ये खोचली. दोरा गुंडाळून ठेवला. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. आणि जिना उतरून खाली निघून गेल्या.

"आता?" रेहानाने विचारलं.

नव्या झग्याच्या कमरेजवळच्या ओळी अजून जोडायच्या होत्या. तीन ओळी, सहासष्ट ढाली. त्या जोडणारे हात खाली निघून गेले होते.

पुष्पाताई मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी या बायांना कंत्राटदाराच्या नाइट्या शिवण्यातून बाहेर काढलंय. दोन वर्षं लागली. हे पहिलं काम आमच्या नावाने जाणार होतं. आमच्या नावाचं लेबल लागणार होतं आतमध्ये. तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती ना मी?"

हो. एकच सांगितली होती.

शुक्रवार

सकाळी सातला मी खालच्या परसात गेले. हिराबाय पायरीवर बसून एक जुनं जाळं सांधत होत्या. त्या जाळ्याने आता कुणी मासे धरत नव्हतं. ते मागच्या वाफ्यातल्या भाजीवर टाकायचं होतं.

"आजी, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? खरं तेच बोललीस. तू बोलली नसतीस तर मी तशीच शिवत बसले असते."

"मग काम करा ना. नव्या झग्यात खार नाहीच. तो प्लास्टिकचा आहे."

"तिच्याकडं बघून शिवायचं ना? तिच्या अंगाला हात लावून?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "मी काय सोवली नाय गो. जनम गेला मच्छी खान्यात. पर आमी दर्याला नारल देतो. जाळं टाकायच्या आदी हात जोडतो. घेतलं तर सांगून घेतो. हिला कोनी काय दिलं? येवढ्या दोनशे जनी गेल्या, येकीच्या नावानं कोनी घास तरी ठेवला काय?"

प्राण्यांच्या कातड्याविरुद्ध माझ्याकडे मुद्दे होते, चांगले सात-आठ. त्यात हा नव्हता.

"मग आता ठेवा," मी म्हटलं. बोलून गेले आणि माझी मीच दचकले.

हिराबायांनी जाळं बाजूला ठेवलं. माझ्याकडे वळून बघितलं. "आता बोललीस."

मेलेल्या माणसासाठी इथे जेवणाचं पान बाहेर ठेवतात. त्याला वाडी दाखवणं म्हणतात. कावळा शिवला की ते पोचलं. आमच्याकडेही ही रीत आहे, म्हणजे आमच्या घरात सोडून सगळीकडे आहे. बाबांनी त्याविरुद्ध तीन पत्रकं छापली आहेत आणि त्यातल्या एकाचं मुद्रितशोधन मी केलं आहे.

दहा वाजता आम्ही चौघी गच्चीवर होतो. केळीच्या पानावर भिजवलेले शेंगदाणे, चिकूच्या फोडी, भाताची मूद. हिराबायांनी ते आंब्याच्या फांदीजवळच्या कठड्यावर मांडलं, हळद वाहिली आणि पुष्पाताईंना म्हणाल्या, "तिला आन वर. तिना बघू दे." जुना झगा चादरीत गुंडाळून वर आला आणि सावलीत खुर्चीवर विराजमान झाला.

मग हिराबायांनी अट सांगितली. कावळा चालणार नाही.

"खारीचं पान हाय. खारीनंच शिवलं पायजे."

आता ऐका. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी बोंबील वाळत घातले होते. त्यामुळे अर्ध्या पनवेलचे कावळे आधीच तिथे जमलेले. पान मांडल्याबरोबर ते इकडे वळले. जन्मभर माणसं ज्या पक्ष्याला "ये, ये" म्हणून विनवतात त्याला आम्ही चौघी हुसकावत होतो. रेहानाकडे मोजपट्टीची लाकडी काठी, पुष्पाताईंकडे झाडू, माझ्याकडे ओला टॉवेल.

"हट्! हट्! अरे, बेशरम," रेहाना ओरडत होती. "तुझं नाहीये ते! उधर जा, तिथे बोंबील खा!"

त्यात बाबांचा फोन आला. "शिरढोणला गेलीस का?"

"नाही, बाबा. कावळे हाकलतेय."

"काय?"

"नंतर सांगते."

अकरा वाजले. बारा वाजले. खार आली नाही. आंब्यावरून तिचा चिर्र चिर्र आवाज तेवढा येत होता. पुष्पाताई सारखं घड्याळ बघत होत्या. कावळा पान शिवत नाही तेव्हा घरची माणसं हात जोडून गेलेल्याला शब्द देतात, अमुक करीन, तमुक करणार नाही. हिराबाय म्हणाल्या, "बोला काय ते. त्याबिगर यायची नाय ती."

रेहाना सगळ्यांत आधी पुढे झाली. "आमच्यात असं नसतं, आजी. मी दुआ मागते. या अल्ला, ह्या बेजुबान जिवांवर रहम कर." आणि टॉवेल माझ्या हातातून घेऊन पुन्हा कावळ्यांमागे.

पुष्पाताई पुढे आल्या. पानाकडे बघत उभ्या राहिल्या, पण बोलल्या ते कुणाशी हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. "मला ठाऊक होतं. काम जाईल म्हणून लपवलं. तुम्ही नाही म्हणाल याची भीती वाटली. पुढे काही असलं तर आधी तुम्हाला सांगेन." हिराबाय दुसरीकडे बघत होत्या. पण त्यांनी पदराने नाक पुसलं.

मग सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी देव मानत नाही. आत्मा मानत नाही. पानाला हात जोडायला माझे हात वर होईनात. पण खुर्चीवर ती दोनशे चौसष्ट शरीरं होती आणि त्यांच्या मधोमध एका लेकराच्या टाचांची खूण होती. आणि खाली टेबलावर तीन ओळी अर्धवट पडल्या होत्या, त्या माझ्यामुळे.

"मी यायच्या आधीच मथळा लिहिला होता," मी म्हटलं. "तो खोडते."

"तिना काय कलनार मथला?" हिराबाय खेकसल्या. "नीट बोल."

"बघितल्याशिवाय लिहिणार नाही," मी म्हटलं. "आणि कुणाचं काम चालू असताना, त्याला न विचारता, त्याच्या तोंडावर सत्य फेकणार नाही."

"हां," हिराबाय म्हणाल्या.

काही झालं नाही. आम्ही कठड्याच्या सावलीत बसून राहिलो. तीनच्या सुमारास उंच इमारतीची सावली गच्चीवर सरकली, कठडा निवला, आणि रेहानाने माझं मनगट घट्ट धरलं. इमारतीवरून आंब्याकडे गेलेल्या केबलच्या वायरवरून ती येत होती. झुपकेदार शेपूट, पाठीवर तीन पट्टे. थांबत, दचकत, पुन्हा धावत. ती कठड्यावर उतरली. भाताकडे बघितलंही नाही. एक शेंगदाणा दोन्ही हातांत धरला, मागच्या पायांवर बसली आणि आमच्याकडे बघत बघत खाऊ लागली.

शेजारचे कावळेसुद्धा त्या क्षणी गप्प होते, असं मला वाटतं. ती बसली तेव्हा तिचं पोट दिसलं. पांढरट, लहानशी ढाल. कडेला राखाडी. मी खुर्चीवरच्या झग्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि माझे हात केव्हा जोडले गेले ते मला सांगता येणार नाही.

बाबा, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहून ठेवते : खार आली ती कठड्यावरचं ऊन उतरलं म्हणून आली. मला हे पूर्ण ठाऊक आहे. तरीही माझ्या आयुष्यात त्याहून थोर पाहुणा मी पाहिलेला नाही.

हिराबाय उठल्या, हात धुतले, जिना उतरल्या आणि चटईवर बसून सुई उचलली. सहासष्ट ढाली. टाका, उपसणी, टाका, उपसणी. त्या दुपारी मी एकेक ढाल त्यांच्या हातात देत होते. दिवेलागणीला शेवटची ओळ मिटली.

शनिवार

गाडी यायला दोन तास होते. नवा झगा कुणाच्या तरी अंगावर घालून बघायचा होता आणि उंची माझीच जमत होती. 'उकाडा आमचा' लिहिणारी मी भर एप्रिलात, घोट्यापर्यंत फरमध्ये, खोलीच्या मधोमध उभी राहिले. घाम कानांमागून वाहत होता. रेहाना हसून हसून भिंतीला टेकली. "मॅडम, बर्फ पडतोय का तिकडे?"

हिराबाय माझ्याभोवती फिरल्या. फटींतून हात बाहेर काढायला लावले, बसायला लावलं, उठायला लावलं. मग खाली जाऊन एक कलिंगड घेऊन आल्या आणि झगा उघडून ते माझ्या डाव्या कडेवर बसवलं.

"पोर समज. चाल."

मी चालले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडेवर कलिंगड, अंगावर झगा. आणि कमरेशी, जिथे ते टेकलं होतं, तिथे मला काहीतरी वेगळं लागलं. जाडसर, घट्ट, मऊ.

पुष्पाताईंनीही हात लावून बघितला. "आई, इथे काय केलंत?"

"दोन पदर जास्तीचे घातलेत आतून. बारीक टाक्यांनी शिवलेत. केस लवकर झिजायचे नाय."

"नमुन्यात नाहीये ते."

"नमुन्यात भोक पडलंय, ते दिसत नाय तुना?" हिराबाय म्हणाल्या. "तिथं बाया घालून बघनार. कोन ना कोन पोर घिऊन येनारच की."

गळ्याच्या आत कारखान्याचं लेबल लावायचं होतं, ते पुष्पाताईंनी स्वतःच्या हाताने लावलं. मग थोडा विचार केला आणि सोबतच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ वाढवली, की डाव्या बाजूला अस्तर मुद्दाम जाड केलं आहे, कारण मूळ झगा तिथे मुलाच्या टाचांनी झिजला आहे. "त्यांनाही कळू दे," त्या म्हणाल्या.

बाराला गाडी आली. दोन्ही झगे दोन खोक्यांत गेले. जुना जाताना हिराबायांनी खोक्यावर हात ठेवला. या वेळी मोजे नव्हते.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे एका पानात बसत नाही. आणि यात मागणी कुठे आहे?" मी म्हटलं, शोधते आहे. शिरढोण राहून गेलं, त्याबद्दल ते अजून बोलून दाखवतात.

त्या शनिवारी गाडी गेल्यावर आम्ही चौघी गच्चीवर गेलो होतो. तिन्ही बंद पंख्यांची भरपाई करावी तसा वारा सुटला होता. हिराबायांनी त्या कलिंगडाच्या पोराचे कोयत्याने दोन तुकडे केले, मीठ भुरभुरलं, आणि आम्ही कोपरापर्यंत लाल होत ते खाल्लं. साली कठड्यावर ठेवल्या. कावळे आले, सगळेच्या सगळे. आज त्यांना कुणी हाकललं नाही.